परीक्षेतले इंग्रजी : क्रियापदाचे रूप निवडताना – वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

रिकामी जागा, तिच्याशेजारी मूळ क्रियापद आणि खाली चार पर्याय. या एकाच प्रकारच्या प्रश्नाबद्दल या वेळी इतकी पत्रे आली की सदराची सगळी जागा त्यालाच दिली आहे. परीक्षा एमपीएससीची असो, एसएससीची (केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाची) असो की बँकेची, हा प्रश्न असतोच. मराठी माध्यमातून शिकलेल्यांच्या चुका त्यात ठरावीक जागी होतात आणि त्या जागा एकदा माहीत झाल्या की बहुतेक चुका टळतात. इंग्रजी वाक्ये इथे देवनागरीत छापली आहेत. सराव करताना ती वहीत इंग्रजीत उतरवून घ्या, म्हणजे स्पेलिंगही पक्के होईल. व्ही-वन, व्ही-टू, व्ही-थ्री ही क्लासमध्ये रुळलेली नावेच वापरली आहेत : गो हा व्ही-वन, वेंट हा व्ही-टू, गॉन हा व्ही-थ्री. ‘आयएनजी’ म्हणजे गोइंगसारखे रूप.

प्रश्न : चारपैकी दोन पर्याय मला नेहमीच बरोबर वाटतात. वाक्याचा मराठीत अर्थ लावून उत्तर निवडतो, तरी चुकते. सुरुवात नेमकी कुठून करावी? – एक वाचक, परभणी

मराठीत अर्थ लावता, तिथेच घोटाळा होतो. मराठीतला काळ आणि इंग्रजीतला काळ जागोजागी वेगळे चालतात, त्यामुळे अर्थावरून दोन-तीन पर्याय सहज ‘चालतात’. प्रश्न काढणाऱ्याला मात्र एकच उत्तर बरोबर ठरवायचे असते. म्हणून तो वाक्यात असा एखादा शब्द ठेवतो, ज्याच्यापुढे बाकीचे तीन पर्याय टिकत नाहीत. तो शब्द आधी शोधा, पर्याय नंतर वाचा.

शोधण्याचा क्रम असा ठेवा. प्रथम रिकाम्या जागेच्या लगेच डावीकडे बघा. तिथे कॅन, कुड, विल, वुड, शुड, मस्ट, मे, माइट किंवा डू, डज, डिड असेल तर व्ही-वन. हॅज, हॅव, हॅड असेल तर व्ही-थ्री. बाय, विदाउट, आफ्टर, इन, ऑफ यांसारखे प्रिपोझिशन असेल तर आयएनजी. इज, आर, वॉज, वेअर असेल तर आयएनजी किंवा व्ही-थ्री यांपैकी एक, आणि तिथे एकच गोष्ट विचारा : कर्ता स्वतः ते काम करतोय की त्याच्यावर ते होतंय? पूल स्वतःची दुरुस्ती करत नाही, म्हणून ‘द ब्रिज इज रिपेअरिंग’ चूक आणि ‘द ब्रिज इज बीइंग रिपेअर्ड’ बरोबर. याच जागी बी, बीइंग आणि बीन यांची अदलाबदल करून पर्याय बनवतात. विल, कॅन, मस्ट यांच्या लगेच पुढे बी. हॅज, हॅव, हॅड यांच्या पुढे बीन. इज, आर, वॉज, वेअर यांच्या पुढे बीइंग. ‘हॅज बीइंग’ आणि ‘इज बीन’ कोणत्याही वाक्यात बसत नाहीत, तेव्हा ते दिसताच खोडा.

डावीकडे काही सापडले नाही तर काळ सांगणारा शब्द शोधा. तोही नसेल तर वाक्यातले दुसरे क्रियापद कोणत्या रूपात आहे ते बघा. कर्ता एकवचनी की अनेकवचनी, हे सर्वांत शेवटी. बहुतेक उमेदवार नेमका उलटा क्रम लावतात. उदाहरण घ्या : ‘द मॅनेजर, अलाँग विथ हिज असिस्टंट्स, ____ टू नागपूर यस्टरडे.’ पर्याय : गो, हॅज गॉन, वेंट, हॅव गॉन. कर्त्यापासून सुरुवात केली तर ‘हॅज की हॅव’ या वादात वेळ जातो. ‘यस्टरडे’ आधी पाहिले की गो, हॅज गॉन आणि हॅव गॉन एकदमच बाद होतात आणि वेंट तेवढे उरते. ‘अलाँग विथ’ तिथे फक्त तुमचे लक्ष वळवायला ठेवलेले आहे.

प्रश्न : ‘तो कालच आला आहे’ हे मराठीत बरोबर आहे. मग ‘ही हॅज कम यस्टरडे’ चूक का? आणि सिन्स, फॉर आले की प्रत्येक वेळी हॅज-हॅव लावायचे का? – एक वाचक, लातूर

मराठीत ‘आला आहे’ म्हणताना ‘तो आत्ता इथे आहे’ यावर भर असतो, आणि कधी आला ते त्याच वाक्यात सांगितलेले आपल्याला खटकत नाही. इंग्रजीला खटकते. प्रेझेंट परफेक्ट (हॅज-हॅव आणि व्ही-थ्री) वापरताना घटना नेमकी केव्हा घडली, ते इंग्रजी त्या वाक्यात सांगू देत नाही. संपून गेलेली वेळ आली की साधा भूतकाळच. यस्टरडे, अगो, लास्ट वीक, इन २०१९, आणि प्रश्नात ‘व्हेन’ – यांपैकी काहीही दिसले की व्ही-टू. म्हणून ‘व्हेन हॅव यू कम?’ चूक, ‘व्हेन डिड यू कम?’ बरोबर.

उलट बाजूला जस्ट, ऑलरेडी, यट, एव्हर, सो फार, लेटली, रीसेंटली हे शब्द प्रेझेंट परफेक्टकडे नेतात. अमेरिकन मालिकांमध्ये ‘आय ऑलरेडी एट’ ऐकू येते आणि तिकडच्या बोलण्यात ते चालते, पण आपल्याकडच्या परीक्षांचे व्याकरण मुख्यतः ब्रिटिश वळणाचे आहे. दोन्ही पर्याय समोर असतील तर ‘आय हॅव ऑलरेडी ईटन’ निवडा. ‘जस्ट’ आणि ‘जस्ट नाउ’ मात्र वेगळे धरा : ‘ही हॅज जस्ट लेफ्ट’, पण ‘ही लेफ्ट जस्ट नाउ’.

आता सिन्स आणि फॉर. ‘मी २०१५ पासून इथे राहतो’ या मराठी वाक्यात साधा वर्तमानकाळ आहे, म्हणून हात आपोआप ‘आय लिव्ह हिअर सिन्स २०१५’ लिहितो. इंग्रजीत मागे सुरू होऊन आजपर्यंत चालू असलेल्या गोष्टीला साधा वर्तमानकाळ चालत नाही. ‘आय हॅव लिव्ड हिअर’ किंवा ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर’ हवे. सिन्सपुढे सुरुवातीचा क्षण येतो (मंडे, २०१५, मॉर्निंग), फॉरपुढे लांबी येते (टू आवर्स, फाइव्ह इयर्स). ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ ही आपल्याकडची सर्वांत जुनी चूक. मराठीत दोन्हींना ‘पासून’ म्हणतो, त्यामुळे ती होते.

पण फॉर दिसले की डोळे मिटून हॅज-हॅव लावू नका. ‘ही वर्क्ड इन सोलापूर फॉर फाइव्ह इयर्स’ हे अगदी शुद्ध वाक्य आहे. तो आता तिथे नाही, एवढाच त्याचा अर्थ. वर्क्ड की हॅज वर्क्ड, याचा निकाल वाक्याचा उरलेला भाग लावतो. पुढे ‘अँड देन ही मूव्ह्ड टू पुणे’ असेल तर वर्क्ड. ‘अँड ही स्टिल लाइक्स द सिटी’ असेल आणि तो तिथेच असल्याचे कळत असेल तर हॅज वर्क्ड. सिन्सबाबत एक बारकावा : सिन्सच्या पुढे पूर्ण उपवाक्य आले तर त्या उपवाक्यात सहसा व्ही-टू असतो. ‘इट इज टेन इयर्स सिन्स आय लेफ्ट स्कूल’ इथे रिकामी जागा ‘लीव्ह’ची असेल तर उत्तर लेफ्ट, हॅव लेफ्ट नव्हे.

याच कुळातला एक आवडता प्रश्न : ‘धिस इज द फर्स्ट टाइम आय ____ द सी.’ ‘मी पहिल्यांदाच समुद्र बघतोय’ असे मनात येते आणि ‘अ‍ॅम सीइंग’ निवडले जाते. उत्तर ‘हॅव सीन’. सुरुवात ‘दॅट वॉज द फर्स्ट टाइम’ अशी असेल तर ‘हॅड सीन’.

प्रश्न : इफच्या वाक्यांचे तीन प्रकार पाठ आहेत, तरी पेपरमध्ये गोंधळ होतो. ‘इफ’नंतर ‘विल’ कधीच येत नाही हे खरे का? – एक वाचक, सांगली

पाठांतर झालेले असूनही गोंधळ होतो, कारण मराठी जरतरची रचना वेगळी आहे. ‘पाऊस पडला तर आम्ही घरी थांबू’ यात ‘पडला’ हे रूप भूतकाळाचे आहे, जरी गोष्ट उद्याची आहे. म्हणून ‘इफ इट रेन्ड, वुई विल स्टे अ‍ॅट होम’ कानाला गोड लागते. बरोबर वाक्य ‘इफ इट रेन्स, वुई विल स्टे अ‍ॅट होम’. दुसरी अडचण याहून मोठी. ‘तो आला असता तर मी गेलो असतो’ या वाक्यात ‘असता–असतो’ दोन्हीकडे आहे. त्यामुळे दोन्हीकडे ‘वुड हॅव’ घालावेसे वाटते, आणि प्रश्न काढणारा ‘वुड हॅव कम’ हा पर्याय न चुकता देतो. इंग्रजीत ‘वुड हॅव’ फक्त ‘तर’च्या बाजूला. ‘जर’च्या बाजूला हॅड आणि व्ही-थ्री : ‘इफ ही हॅड कम, आय वुड हॅव गॉन.’

परीक्षेत वाक्याचा एक अर्धा भाग पूर्ण दिलेला असतो. रिकामी जागा विसरा, तो पूर्ण अर्धा वाचा आणि त्याची जोडी लावा. तिकडे विल असेल तर इफकडे व्ही-वन (कर्त्यानुसार एस लावून). वुड आणि व्ही-वन असेल तर इफकडे व्ही-टू. वुड हॅव असेल तर इफकडे हॅड आणि व्ही-थ्री. इफकडचा भाग दिलेला असेल तर हेच उलट वाचा. ‘इफ आय वेअर यू’ मध्ये आय असूनही वेअर येते. परीक्षेत इथे वॉज निवडू नका. कधीकधी इफ गायब करून क्रियापद पुढे आणतात : ‘हॅड आय नोन द ट्रुथ, आय ____.’ वाक्य हॅडने सुरू झाले आणि शेवटी प्रश्नचिन्ह नाही, तर तिथे इफ लपलेला आहे असे समजून तीच जोडी लावा. उत्तर ‘वुड हॅव टोल्ड यू’. शेवटी ‘नाउ’ आला तर जोडी मुद्दाम मोडलेली असते : ‘इफ ही हॅड टेकन द मेडिसिन, ही वुड बी वेल नाउ.’ औषध तेव्हा घ्यायचे होते, बरे वाटणे आत्ताचे आहे.

तुमचा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. ‘इफनंतर विल नाही’ हा नियम फक्त अटीच्या इफला लागू आहे. ‘आय डू नॉट नो इफ ही विल कम’ हे वाक्य बरोबर आहे, कारण इथे इफचा अर्थ ‘येईल की नाही’ असा आहे. व्हेनचेही असेच. मराठीत ‘तेव्हा’ किंवा ‘जेव्हा’ बसत असेल तर विल नको : ‘आय विल टेल हिम व्हेन ही कम्स.’ ‘कधी’ बसत असेल तर विल चालते : ‘आस्क हिम व्हेन ही विल कम.’ मराठीत अर्थ लावू नका असे वर म्हटले आहे, पण या ठिकाणी मराठी खरोखर मदत करते. अनटिल, बिफोर, आफ्टर, अ‍ॅज सून अ‍ॅज, अनलेस यांच्या उपवाक्यातही विल येत नाही, आणि अनलेसमध्ये ‘नाही’ आधीच आहे, म्हणून त्याच्या उपवाक्यात सहसा दुसरा नॉट घालू नका.

प्रश्न : एकवचन-अनेकवचनाच्या प्रश्नांत ‘वन ऑफ द’ आणि ‘नंबर ऑफ’ नेहमी चुकतात. – एक वाचक, इंदूर

मराठीत क्रियापद नेहमीच कर्त्याप्रमाणे बदलत नाही. ‘मुलाने आंबे खाल्ले’, ‘मुलांनी आंबा खाल्ला’ – दोन्हीकडे क्रियापद आंब्याच्या मागे गेले. इंग्रजीत ते कर्त्याशीच बांधलेले असते, मध्ये कितीही शब्द येवोत. म्हणून पहिले काम, कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये ‘ऑफ’, ‘इन’, ‘विथ’ने सुरू होणारा जो तुकडा असेल त्यावर पेन्सिलने रेघ मारा. ‘द क्वालिटी ऑफ द मँगोज ____ पुअर’ मधून ‘ऑफ द मँगोज’ काढले की क्वालिटी उरते आणि उत्तर वॉज. अलाँग विथ, टुगेदर विथ, अ‍ॅज वेल अ‍ॅज, इन अ‍ॅडिशन टू हे तुकडेही असेच खोडा, त्यांच्यामुळे कर्ता अनेकवचनी होत नाही. ‘अँड’ने जोडले तरच होतो. आयदर-ऑर, नायदर-नॉरमध्ये जवळचा कर्ता बघा : ‘नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स वेअर प्रेझेंट.’

‘वन ऑफ द’ची दोन वाक्ये एकाखाली एक लिहून ठेवा. ‘वन ऑफ द बॉइज इज अ‍ॅबसेंट.’ ‘ही इज वन ऑफ द बॉइज हू आर ऑलवेज लेट.’ पहिल्यात गैरहजर एकच आहे. दुसऱ्यात ‘हू’ हा शब्द ‘बॉइज’ला चिकटलेला आहे, नेहमी उशिरा येणारी मुले अनेक आहेत आणि हा त्यांतला एक. वाक्यात हू, विच किंवा दॅट आले की त्याच्या लगेच आधीचे नाम बघायचे. मात्र सुरुवात ‘द ओन्ली वन ऑफ’ अशी असेल तर पुन्हा एकवचन, कारण आता तो एकटाच उरतो. आणि वन ऑफनंतरचे नाम नेहमी अनेकवचनी. ‘वन ऑफ माय फ्रेंड’ हे चुका शोधण्याच्या प्रश्नात वारंवार येते.

‘अ नंबर ऑफ’ म्हणजे ‘बरेच’, म्हणून अनेकवचन : ‘अ नंबर ऑफ फार्मर्स हॅव अप्लाइड.’ ‘द नंबर ऑफ’ म्हणजे ‘संख्या’, आणि संख्या एकच : ‘द नंबर ऑफ फार्मर्स हॅज इन्क्रीज्ड.’

बाकीचे पटकन. मेनी अ आणि मोअर दॅन वन यांच्यापुढे एकवचन, अर्थ ‘अनेक’ असला तरी. अंतर, रक्कम, कालावधी एक गठ्ठा म्हणून घेतल्यास एकवचन : ‘टेन किलोमीटर्स इज अ लाँग वॉक.’ न्यूज, मॅथेमॅटिक्स, इन्फर्मेशन, फर्निचर एकवचनी. पोलीस, पीपल, कॅटल अनेकवचनी. ‘द सेक्रेटरी अँड ट्रेझरर इज’ म्हणजे एकच माणूस दोन पदांवर, आणि ट्रेझररआधी दुसरा ‘द’ आला तर दोन माणसे, म्हणून आर. आणि पर्याय सगळे व्ही-टूमध्ये असतील (वेंट, केम, सॉ) तर वचनाचा विचार सोडूनच द्या. भूतकाळात वचनानुसार बदलतात ती फक्त वॉज आणि वेअर.

प्रश्न : लाय आणि ले यांची रूपे कितीही वेळा वाचली तरी विसरतात. अशी आणखी फसवी क्रियापदे कोणती? – एक वाचक, रत्नागिरी

विसरतात, कारण एकाचा व्ही-टू हाच दुसऱ्याचा व्ही-वन आहे. तीन ओळी अशा : आडवे होणे, पडून असणे – लाय, ले, लेन. ठेवणे, अंथरणे, अंडी घालणे – ले, लेड, लेड. खोटे बोलणे – लाय, लाइड, लाइड. निवडताना पुढे कर्म आहे का ते बघा. कर्म असेल तर दुसरी ओळ : ‘द हेन हॅज लेड टू एग्ज.’ कर्म नसेल तर पहिली : ‘द बुक हॅज लेन ऑन द टेबल सिन्स मंडे.’

अशा जोड्यांत मराठी चांगला आधार देते, कारण आपल्याकडेही ‘वाढणे–वाढवणे’ असा भेद आहे. वाढणे, उगवणे, वर येणे – राइज, रोझ, रिझन. वाढवणे, वर करणे – रेझ, रेझ्ड, रेझ्ड. म्हणून ‘प्राइसेस हॅव रिझन’, पण ‘द कंपनी हॅज रेझ्ड इट्स प्राइसेस’. तसेच पडणे – फॉल, फेल, फॉलन. झाड तोडून पाडणे – फेल, फेल्ड, फेल्ड. सापडणे – फाइंड, फाउंड, फाउंड; संस्था स्थापणे – फाउंड, फाउंडेड, फाउंडेड. ‘महात्मा फुले फाउंडेड द सत्यशोधक समाज इन १८७३’ यात फाउंडेडच हवे. हँगची दोन रूपे आहेत : चित्र टांगले तर हंग, माणसाला फाशी दिली तर हँग्ड. फ्लाय, फ्ल्यू, फ्लोन (उडणे), फ्लो, फ्लोड, फ्लोड (वाहणे) आणि फ्ली, फ्लेड, फ्लेड (पळून जाणे) यांची सरमिसळ पर्यायांत हमखास असते.

दुसरा गट ‘अ‍ॅ’ आणि ‘अ’च्या उच्चारांतला. बिगिन, बिगॅन, बिगन. ड्रिंक, ड्रँक, ड्रंक. स्विम, स्वॅम, स्वम. सिंग, सँग, संग. स्पेलिंगमध्ये मधले अक्षर आय, ए, यू असे सरकते. हॅज-हॅव-हॅडनंतर यूचे रूप, एकटे असेल तर एचे. रन, कम आणि बिकम मात्र तिसऱ्या रूपात पुन्हा पहिल्यावर येतात. ‘हॅज केम’ आणि ‘हॅज रॅन’ इथूनच जन्मतात. तिसरा गट तिन्ही रूपे सारखी असलेल्यांचा : कट, पुट, हिट, हर्ट, लेट, सेट, शट, स्प्रेड, बर्स्ट, कास्ट. किंमत पडणे या अर्थी कॉस्टही त्यांतच. ‘स्प्रेडेड’ किंवा ‘बर्स्टेड’ असा पर्याय दिसला की तो खोडायला विचार लागू नये. रीडची तिन्ही रूपे एकसारखी लिहितात, उच्चार मात्र रीड, रेड, रेड. म्हणून ‘ही रीड द लेटर’ असे एस नसलेले वाक्य दिसले तर ते भूतकाळातले आहे.

प्रश्न : ‘टू’नंतर नेहमी मूळ रूप, असे शाळेत शिकलो. मग ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’ बरोबर कसे? – एक वाचक, जळगाव

टू दोन प्रकारचा असतो. एक क्रियापदाचा, दुसरा प्रिपोझिशनचा. ओळखण्याची चाचणी सोपी आहे : टूनंतर क्रियापदाऐवजी एखादे नाम ठेवून बघा. ‘आय लुक फॉरवर्ड टू द हॉलिडेज’ चालते, म्हणजे हा प्रिपोझिशन, पुढे आयएनजी. ‘आय वाँट टू द हॉलिडेज’ चालत नाही, म्हणजे पुढे व्ही-वन. लुक फॉरवर्ड टू, बी यूज्ड टू, अकस्टम्ड टू, ऑब्जेक्ट टू, अ‍ॅडिक्टेड टू, डिव्होटेड टू, विथ अ व्ह्यू टू – एवढे पक्के केले तरी परीक्षेपुरते बरेच झाले.

यातला ‘यूज्ड टू’ सर्वांत फसवा. ‘ही यूज्ड टू वॉक’ म्हणजे ‘तो चालायचा’. ‘ही इज यूज्ड टू वॉकिंग’ म्हणजे ‘त्याला चालण्याची सवय आहे’. यूज्डच्या आधी इज, वॉज, गेट यांपैकी काही आहे का, एवढेच बघा. असेल तर आयएनजी.

टू नसतानाही क्रियापदामागचे क्रियापद ठरलेले असते. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड, डिनाय, पोस्टपोन, रिस्क यांच्यामागे आयएनजी. डिसाइड, होप, अ‍ॅग्री, रिफ्यूज, प्रॉमिस, मॅनेज यांच्यामागे टू आणि व्ही-वन. मेक, लेट, हॅड बेटर, वुड रादर यांच्यामागे नुसता व्ही-वन : ‘यू हॅड बेटर कन्सल्ट अ डॉक्टर.’ इथे हॅड पाहून व्ही-थ्री लावणारे पुष्कळ असतात, म्हणून ‘बेटर’ हा शब्द नीट वाचा. मेकचे पॅसिव्ह (कर्मणी प्रयोग) केले की मात्र टू परत येतो : ‘ही वॉज मेड टू वेट.’ सजेस्टनंतर टू कधीच नाही. ‘ही सजेस्टेड गोइंग’ किंवा ‘ही सजेस्टेड दॅट शी गो’. या दुसऱ्या रचनेत ‘शी’ असूनही एस लागत नाही. इन्सिस्ट, डिमांड, रेकमेंड हेही ‘तसे करावे’ या अर्थी दॅटनंतर असेच वागतात.

प्रश्न : ‘अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट वॉज हॅपन्ड’ यात काय चूक? – एक वाचक, बीड

हॅपनला कर्म नसते, आणि कर्म नसलेल्या क्रियापदाचे पॅसिव्ह होत नाही. ‘अपघात झाला’ मधल्या ‘झाला’साठी वॉज आणि शिवाय हॅपन्ड, असे दोनदा भाषांतर झाल्याने ही चूक होते. बरोबर : ‘अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट हॅपन्ड.’ ऑकर, अराइव्ह, डिसअपिअर, एक्झिस्ट, बिलाँग, कन्सिस्ट यांच्याआधीही अशा ठिकाणी वॉज नको.

प्रश्न : ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ सगळेच बोलतात. परीक्षेत चालेल का? – एक वाचक, ठाणे

नाही. मालकी किंवा नाते सांगणाऱ्या हॅवला आयएनजी लागत नाही. ‘आय अ‍ॅम हॅविंग लंच’ चालते, कारण तिथे जेवणे ही क्रिया सुरू आहे. मराठीत ‘मला कळतंय’, ‘मला आठवतंय’ म्हणतो म्हणून ‘आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग’ लिहिले जाते. नो, अंडरस्टँड, बिलीव्ह, रिमेंबर, लाइक, वाँट, नीड, ओन, बिलाँग, सीम यांना परीक्षेत चालू काळ लावू नका. थिंक दोन्हीकडे जातो : मत असेल तर ‘आय थिंक’, विचार सुरू असेल तर ‘आय अ‍ॅम थिंकिंग’.

प्रश्न : ‘तो म्हणाला की तो आजारी आहे’ याचे इंग्रजी करताना ‘इज’ की ‘वॉज’? – एक वाचक, अहिल्यानगर

परीक्षेसाठी वॉज. मराठीत ‘म्हणाला की’नंतर त्याचे मूळ शब्द जसेच्या तसे ठेवतो, काळ हलत नाही. इंग्रजीत मुख्य क्रियापद भूतकाळात गेले की मागचेही एक पायरी मागे सरकते : इजचे वॉज, विलचे वुड, कॅनचे कुड, हॅजचे हॅड. ‘ही सेड दॅट ही विल कम’ हे चुका शोधण्याच्या प्रश्नात नेहमीचे. कधीही न बदलणारे सत्य असेल तर पायरी सरकवायची गरज नाही : ‘द टीचर सेड दॅट द अर्थ मूव्ह्ज राउंड द सन.’ मुख्य क्रियापद वर्तमानात असेल, ‘ही सेज’, तर काहीच सरकत नाही. रूप निवडण्याआधी सेड आहे की सेज, हे पाहून घ्या.

प्रश्न : दोन पर्यायांवर अडकल्यावर प्रश्न सोडावा की उत्तर द्यावे? ‘नो एरर’ हा पर्याय कधी निवडावा? – एक वाचक, अमरावती

हिशोब करून ठरवा. एसएससीच्या सीजीएल या पदवीधरांसाठीच्या परीक्षेच्या टियर-१ मध्ये (पहिल्या टप्प्यात) बरोबर उत्तराला २ गुण आणि चुकीला ०.५० वजा. दोन पर्याय खात्रीने खोडून उरलेल्या दोघांतून एक निवडला, तर असे दर दोन प्रश्नांत सरासरी एक बरोबर, एक चूक : २ वजा ०.५०, म्हणजे १.५० गुण हाती. सोडले तर शून्य. एक चतुर्थांश गुण वजा होणाऱ्या परीक्षांतही हेच गणित लागू पडते, म्हणून दोन खोडता आले तर उत्तर द्या. वजावट किती आहे ते मात्र त्या परीक्षेच्या अधिसूचनेतच वाचा. एकही पर्याय खोडता येत नसेल तर नफा अगदी नगण्य उरतो. अशा प्रश्नावर वेळ घालवू नका.

‘नो एरर’साठी वाक्य चार तपासण्यांतून न्या : कर्ता-क्रियापद जुळते का, काळाचा शब्द आणि क्रियापद जुळते का, दोन उपवाक्यांचे काळ जुळतात का, आणि प्रिपोझिशननंतरचे रूप बरोबर आहे का. चारही ठीक असतील तर ‘नो एरर’ निवडायला कचरू नका. हा पर्याय असलेल्या पेपरमध्ये काही वाक्ये खरोखरच शुद्ध असतात, आणि ‘काहीतरी चूक असणारच’ या समजुतीने उमेदवार त्यातले चांगले रूप बिघडवतात. विशेषतः ‘इट इज टाइम वुई लेफ्ट’ आणि ‘आय विश आय न्यू’ ही वाक्ये भूतकाळामुळे संशयास्पद दिसतात. दोन्ही शुद्ध आहेत : इट इज टाइमनंतर कर्ता आला की व्ही-टू येतो, आणि आत्ता नसलेल्या गोष्टीच्या इच्छेसाठी विशनंतरही व्ही-टूच.